हो-हो बाई

धाकटीला घर हवं होतं ते दारासाठी. खिडक्या कुठल्याही दिशेला असोत, स्वयंपाकघरात दोन माणसं एका वेळी उभी राहोत न राहोत, तिचं काही म्हणणं नव्हतं. दार मात्र असं हवं, की आपण लावलं म्हणजे ते लागलं आणि आपण उघडलं तरच उघडलं. यात काय मोठंसं मागितलं, असं कुणालाही वाटेल. पण ज्याची घरमालकीण त्याच इमारतीत, जिन्याखाली राहते आणि जिच्या जुडग्यात भाडेकरूंच्या खोल्यांची दुसरी किल्ली असते, त्याला विचारा.

घरमालकीण वाईट बाई होती असं नाही. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. ती गोड होती. "मीच आहे," असं म्हणत आत यायची. नळ गळतोय का बघायला, वास कसला येतोय ते बघायला, आणि कधीकधी नुसतीच बघायला. नवराबायको जेवत असोत, रुसलेली असोत, एकमेकांशी चार गोड शब्द बोलत असोत, कुलपात किल्ली फिरायची आणि "मीच आहे!" त्यामुळे दोघं कुजबुजत भांडायला शिकली होती. धाकटीचं म्हणणं असं, की कुजबुजत भांडलं की भांडणाची सगळी मजाच जाते.

चार बहिणींत शेवटची म्हणून ती माहेरी धाकटी. सासरी आल्यावर सासूबाईंनी तेच नाव उचललं आणि नवऱ्याने आईचं ऐकून. ती कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला होती. गावभरच्या दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, त्यांत मेणावर एकेक दात बसवायचा, मग घासून-पुसून चकचकीत करायचं. दिवसभर दुसऱ्यांचं हसू तयार करणारी बाई संध्याकाळी घरी येताना जिन्यात पाय न वाजवता चढायची, कारण पाय वाजले की खालचं दार उघडायचं.

नवरा शहर बसवर ड्रायव्हर. माणूस शांत, इतका की लाल सिग्नलला त्याला बरं वाटायचं. घर बघायला गेलं की तो भिंतीवर टकटक करायचा, "बघू" म्हणायचा आणि त्याचं बघून होईपर्यंत दुसरं कुणीतरी घर घेऊन मोकळं व्हायचं. असं कितीदा झालं याची गणती धाकटीने सोडून दिली होती. आता मात्र बघत बसायची सोय राहिली नव्हती. घरमालकिणीचा भाचा शहरात यायचा होता आणि महिनाअखेर खोली त्याला हवी होती. तिने तेही गोडच सांगितलं.

तेव्हाच दलालाने ते घर दाखवलं. वस्ती अशी, की बसथांब्यावर चार माणसं उभी असली तर बसच्या उशिराला पाच भाषांत नावं ठेवली जायची. दुकानांच्या पाट्यांवर एकेक शब्द तीन लिप्यांत. इमारत जुनी, घर अगदी वरच्या मजल्यावर, आणि किंमत त्यांच्या आवाक्यातली. विकणारी बाई एकटी, नर्स म्हणून निवृत्त झालेली; आता बहिणीकडे राहायला जाणार. तिला सगळी इमारत नर्सबाई म्हणायची. दार उघडलं की थेट स्वयंपाकघर, त्याच्या एका कोपऱ्यातून वर गच्चीवर जाणारा लाकडी जिना. घरातूनच गच्ची! सासूबाई गुडघे विसरून वर चढल्या.

गच्चीवर दोऱ्याच दोऱ्या होत्या आणि दोऱ्यांवर कपडे. पांढरे ॲप्रन, कामगारांच्या निळ्या विजारी, चादरी, आणि एका कडेला चिमट्यांत अडकवलेले तान्ह्या मुलांचे इवले इवले मोजे.

"एकट्या बाईचे एवढे कपडे?" सासूबाई म्हणाल्या.

"नर्स होत्या ना त्या," धाकटी म्हणाली. "स्वच्छतेची सवय असणार."

"आणि मोजे?"

"भाचरं आली असतील."

मन एकदा घरात जाऊन बसलं की डोळ्यांना कोण विचारतं? धाकटीचं लक्ष खाली त्या दाराकडे होतं. जाड, जुन्या लाकडाचं. तिने ते लावून पाहिलं, उघडून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं. त्याला आतून कडी नव्हती, हेही तिला दिसलं. पण कडी काय, बसवता येते.

नवऱ्याने भिंतीवर टकटक केली आणि आयुष्यात पहिल्यांदा "बघू"च्या ऐवजी "चालेल" म्हणाला. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते नाक पुसायच्या निमित्ताने पुसलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दलालाचा फोन आला. धाकटी तेव्हा घासायच्या यंत्रावर बसली होती. तोंडाला फडकं, हातात कुणाचीतरी वरची कवळी आणि यंत्राची घरघर. फोन खांदा आणि कान यांच्यात धरून ती ऐकू लागली. दलाल सुसाट बोलणारा. नर्सबाई असं म्हणतात, कागद असे होतील, चाव्या तेव्हा मिळतील, गच्चीचं अमुक, शेजाऱ्यांचं तमुक. आणि धाकटी इथल्या, या परक्या शहराच्या भाषेत म्हणत राहिली, "हो... हो... हं... हो हो..."

आता आपल्या माणसांची एक सवय आहे. समोरचा बोलत असताना आपल्याला गप्प बसवत नाही. हं, हो, हो का, बरं, असा ताल धरावाच लागतो. फोनवर तर फारच; क्षणभर थांबलं की पलीकडून विचारणा होते, "अहो, ऐकताय ना?" त्या "हो"मध्ये होकार नसतो. मी आहे, तुमचं चालू द्या, एवढाच त्याचा अर्थ. धाकटी या शहराची भाषा शिकली, त्या भाषेतला "हो" शिकली, पण तो वापरायची खोड माहेरचीच राहिली. इथल्या माणसांचा "हो" म्हणजे हो. ते तो एकदाच म्हणतात आणि त्यावर व्यवहार करतात.

दोन दिवसांनी ती कागदांच्या कामासाठी दलालाच्या ऑफिसात गेली. दलाल खुशीत होता.

"नर्सबाई तुमच्यावर भलत्याच खूश आहेत," तो म्हणाला. "आधीची दोन गिऱ्हाइकं गच्चीचं ऐकूनच पळाली. तुम्ही मात्र झटक्यात हो म्हणालात."

"गच्चीचं काय?"

"तेच. वर जायचा जिना तुमच्या स्वयंपाकघरातून आहे ना. सगळ्या मजल्यांचे लोक कपडे वाळत घालायला तिथूनच वर जातात. वर्षानुवर्षं. तो रस्ता बंद करायचा नाही, ही बाईंची एकच अट. मी फोनवर विचारलं, तुम्ही हो हो म्हणालात. बाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या, त्यांनीही ऐकलं."

एक घरमालकीण सोडून धाकटी चार मजल्यांच्या घरमालकिणी विकत घ्यायला निघाली होती. आणि त्याही कुणी लादल्या नव्हत्या. तिने स्वतः, तोंडाने, हो हो करून बोलावल्या होत्या.

"आणि आता नाही म्हटलं तर?" तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

"तर रांगेत आणखी एकजण आहे," दलालही तितक्याच सहज म्हणाला.

त्या दिवशी ती घरी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कारखान्यात तिने एका कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला आणि मुकादमाने ती कवळी सगळ्यांना दाखवली. घरी सासूबाईंनी भांडी कागदात गुंडाळायला घेतली होती. त्यांनी घरमालकिणीला ठसक्यात सांगूनही टाकलं होतं, "आमचं घर झालं हो!" आणि भाच्याची खाट जिन्याखाली येऊन पडली होती. धाकटी जिना चढताना त्या खाटेला वळसा घालायची. आता मागे जायला जागा नव्हती, आणि पुढे जे होतं त्याला कडी नव्हती.

शेवटी ती बस डेपोत गेली. नवरा दोन फेऱ्यांच्या मधे रिकाम्या बसमध्ये डबा खात होता. ती मागच्या सीटवर बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. त्याने घास तोंडाशी नेला आणि परत डब्यात ठेवला.

"अगं, म्हणजे आपण घर नाही, जिना विकत घेतोय," तो म्हणाला.

"मला ऐकूच आलं नाही नीट. यंत्र चालू होतं."

"मग 'ऐकू येत नाही' म्हणायचं."

"तू म्हणतोस? तू तर तुझ्या साहेबासमोर 'हो हो'शिवाय दुसरं काही बोललेलं मी ऐकलं नाही."

त्याने डब्याचं झाकण लावलं. तो म्हणाला, "मी आलो तर मी नुसता उभा राहीन. तुला माहितीय. तूच जा आणि सांग, नाही जमणार. घर गेलं तर गेलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आईला मी सांगेन." बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं, तरीही तो कुजबुजला. धाकटीला त्या कुजबुजण्याची इतकी चीड आली, की ती तशीच उठून निघाली.

नर्सबाईंचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत नर्सबाई टेबलाशी बसून शेंगा सोलत होत्या. "बस," त्या म्हणाल्या आणि सोलायच्या शेंगा तिच्याही पुढे सरकवल्या. धाकटी बसली. वाक्य जुळवून आणलं होतं, आता फक्त बोलायचं होतं. तेवढ्यात दार उघडलं. वाजलं नाही, नुसतं उघडलं. पीठ लागलेल्या हातांचा एक आडवा माणूस ओल्या ॲप्रनची बादली घेऊन आत आला, मान हलवली आणि जिना चढून वर गेला. नर्सबाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"पहिल्या मजल्यावरचा बेकरीवाला," त्या म्हणाल्या.

तो खाली उतरतो न उतरतो तोच एक म्हातारा आला, त्याच्यामागे चादरींचा पिळा खांद्यावर टाकलेली मुलगी. प्रत्येकजण आपापल्या भाषेत काहीतरी पुटपुटायचा, दार उघडं टाकून जायचा. धाकटी शेंगा सोलत होती आणि दर वेळी दार हललं की तिच्या मानेपासून पाठीपर्यंत सगळं ताठ होत होतं. नर्सबाईंना हे घर भरलेलं वाटत असेल. तिला ते उघडं पडलेलं वाटत होतं. नाही, हे आपल्याला जमणार नाही. सांगायचं आणि उठायचं.

मग एक किरकोळ अंगाची बाई आली. एका काखेत मूल, पाठीला बांधलेलं त्याचंच जुळं भावंड, हातात टोपली. तिने धाकटीला पाहिलं आणि दारातच थांबली.

"ह्याच का त्या?" तिने मोडक्यातोडक्या भाषेत नर्सबाईंना विचारलं. "हो-हो बाई?"

आणि तिने बाहेरच्या जिन्याकडे तोंड करून खाली जोरात हाक मारली. हाकेतले बाकीचे शब्द कळले नाहीत, पण "हो-हो" कळला. बेकरीवाला वर आला. म्हातारा गच्चीवरून खाली आला. मुलगी आली. सगळे स्वयंपाकघरात उभे राहून धाकटीकडे बघून हसत होते, आणि जुळ्यांची आई तर तिचा हात धरून तो खालीवर हलवत होती, सोडतच नव्हती. धाकटीच्या लक्षात आलं, की ती घर बघायला आली होती त्या दिवशी जिना धुतलेला होता. तो उगाच धुतलेला नव्हता. ही सगळी माणसं आपापल्या दाराआड श्वास रोखून बसली होती. येणारा गच्ची ठेवतो की बंद करतो, म्हणून.

आता नाही म्हणायला तोंड कुठून आणायचं? पण धाकटीच्या डोळ्यांपुढे जिन्याखालची ती खाट आली आणि हसू ओसरायच्या आत ती बोलून गेली.

"मी हो म्हटलं नव्हतं."

कुणालाच कळलं नाही. ती पुन्हा म्हणाली, हळू, एकेक शब्द वेगळा करून. "मी फोनवर ऐकत होते. ऐकताना आम्ही हो हो म्हणतो. ऐकतेय, एवढंच. कबूल आहे, असं नाही."

बेकरीवाल्याने म्हाताऱ्याला ते समजावलं. म्हाताऱ्याने मुलीला. हसू एकेका चेहऱ्यावरून उतरत गेलं, आणि जुळ्यांच्या आईने तिचा हात सोडला. पाठीवरचं मूल तेवढ्यात खोकलं. खोलवरचा, ओला खोकला होता तो.

"खाली खिडकी भिंतीकडे आहे," जुळ्यांची आई म्हणाली. "नवीन आलो, गच्ची माहीत नव्हती. कपडे घरात वाळत घातले. हिवाळाभर. भिंत हिरवी झाली. हा तेव्हापासून खोकतो." मग ती थांबली, आणि रागाने नव्हे, पण हट्टाने म्हणाली, "तुम्ही ऐकता म्हणालात ना? मग नीट ऐका."

धाकटीच्या तोंडात सवयीने "हो" आला. तिने तो गिळला. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाचं बोलणं तोंड मिटून ऐकत होती, आणि ते फार अवघड होतं.

जुळ्यांच्या आईचं बोलून झालं. नर्सबाई शेंगा सोलायच्या थांबल्या होत्या.

"तुला नाही म्हणायचं असेल तर म्हण," त्या म्हणाल्या. "मला म्हणून उपयोग नाही. मी चालले बहिणीकडे. ह्यांना म्हण."

धाकटी उभी राहिली. "माझ्या घरात एक बाई येते," ती म्हणाली, "किल्लीने. केव्हाही. मी जेवताना, रडताना. मला दार हवंय. मला बाकी काही नको, दार हवंय." आवाज चिरकला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. परक्यांच्या घरात, परक्या भाषेत, अर्धवट सोललेल्या शेंगा हातात धरून ती रडत होती. "मी आतून कडी बसवणार. कपडे घेऊन या. पण दार वाजवायचं. आणि थांबायचं."

"किती वेळ?" बेकरीवाल्याने विचारलं.

"मी उघडेपर्यंत."

"आणि उघडलंच नाही तर?"

हाच प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांत होता. गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. घरमालकिणीने तेच केलं असतं. धाकटी म्हणाली, "कधीकधी नाही उघडणार. तेव्हा खाली जायचं आणि नंतर परत यायचं. पण मी गच्ची बंद करणार नाही. हा माझा हो. एकच."

मग ते आपापसात बोलू लागले. बेकरीवाला हातवारे करत होता, म्हातारा मान हलवत होता, मुलगी एकाचं दुसऱ्याला सांगत होती. धाकटीला एक अक्षर कळत नव्हतं. तिचं घर, तिचं दार, सगळं त्या अनोळखी शब्दांत टांगलेलं होतं, आणि ती टेबलाची कड धरून उभी होती. अखेर जुळ्यांच्या आईने मुलाला काखेत वर सरकवलं.

"वाजवायचं. थांबायचं," ती म्हणाली. तिचा चेहरा काही खुललेला नव्हता. कडी म्हणजे काय ते तिलाही कळत होतं.

सह्या झाल्या. नवऱ्याने कडी बसवली, चांगली बोटाएवढी जाड. सामान आलं, भाच्याची खाट वर गेली, घरमालकिणीने निरोप देताना डोळ्यांना पदर लावला. तरी पहिल्या रात्री धाकटीला धड झोप लागली नाही. माणसं त्या दिवशी भावनेच्या भरात कबूल झाली असतील. वर्षानुवर्षांची सवय एका वाक्याने थोडीच जाते? सकाळी नवरा पहिल्या पाळीवर गेला. त्याच्यामागे तिने कडी लावली आणि भाजी चिरायला बसली, पण नजर सारखी दाराकडे. सासूबाई न्हाणीघरात होत्या.

दार वाजलं.

धाकटीचा हात थांबला. ती कडीकडे बघत राहिली. आता ढकलतील. आता दार हलेल, कडी खडखडेल, आणि पलीकडून गोड आवाजात कुणीतरी म्हणेल की मीच आहे. ती वाट बघत होती. दार हललं नाही. जिन्यावर कुणीतरी बादली खाली ठेवली, बादलीच्या कडीचा आवाज झाला. एक मूल खोकलं. कुणीतरी त्याला हळूच थोपटलं.

"कोण गं?" न्हाणीघरातून सासूबाईंचा घाबरा आवाज आला. "कोण आलं? आले मी, आले, थांब, कपडे..."

धाकटी उठून न्हाणीघराच्या दाराशी गेली. बोलायला तोंड उघडलं तर आधी हुंदकाच आला.

"सावकाश होऊ द्या तुमचं," ती मोठ्याने, चांगली खणखणीत म्हणाली. "बाहेर थांबलेत ते."

मग सासूबाईंनी पुन्हा बादलीत तांब्या बुडवला आणि पाणी अंगावर घेतलं.